कांद्यातून निघालेले पांढरे तंतू आणि जेलवरचा पसरट पट्टा : यात डीएनए किती आणि बाकीचे काय?

प्रश्न : केंद्रकशोध

मी पदवीच्या पहिल्या वर्षात जीवशास्त्र शिकते. लागोपाठच्या दोन आठवड्यांत आम्ही कांद्यावरच दोन प्रात्यक्षिके केली. पहिल्या वेळी कांद्याचा पातळ पापुद्रा मिथिलीन ब्ल्यूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विटा रचाव्यात तशा लांबट पेशी दिसल्या, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत एका कडेला चिकटून बसलेले गडद निळे केंद्रक दिसले. दुसऱ्या वेळी कांदा बारीक चिरून मीठ आणि डिटर्जंट घातलेल्या द्रावणात मिसळला, ६० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटे ठेवला, खलबत्त्यात घोटला, गाळला, आणि गाळलेल्या द्रवावर परीक्षानळीच्या कडेने बर्फगार अल्कोहोल हळूच सोडले. दोन थरांच्या सीमेवर आधी धुके धरल्यासारखे झाले आणि मग पांढरे तंतू वर चढू लागले. काचेची कांडी एकाच दिशेने फिरवली तेव्हा ते तिच्याभोवती गुंडाळले गेले.

माझ्या शंका अशा आहेत. डीएनएच्या द्विसर्पिलाची जाडी केवळ २ नॅनोमीटर असते असे आम्ही शिकलो, मग तो नुसत्या डोळ्यांना दिसतो कसा? जे पांढरे दिसते ते डीएनएच आहे, हे कशावरून मानायचे? तिसरी शंका मला सर्वांत जास्त सतावते आहे. ते तंतू बफरमध्ये विरघळवून आम्ही १ टक्का ॲगारोजच्या जेलवर चालवले (विजेच्या ओढीने डीएनए जेलच्या जाळीतून सरकतो आणि लहान तुकडे जास्त पुढे जातात). एक स्वच्छ बँड मिळेल अशी माझी अपेक्षा होती, परंतु वेलपासून (नमुना भरायच्या खाचेपासून) खालपर्यंत पसरलेला एक लांब पट्टा आला आणि तळाशी एक ठळक, धूसर ढग दिसला. शेजारच्या लेनमध्ये आम्हाला तयार मिळालेले प्लाझ्मिड (जीवाणूतील वर्तुळाकार डीएनए) होते. ते एकाच प्रकारचे आहे असे सांगितले होते, तरी त्याचे तीन बँड आले. वर्गातील बहुतेकांनी वहीत ‘प्रयोग यशस्वी झाला नाही’ असे लिहून विषय संपवला. मला मात्र हा पट्टा काहीतरी सांगतो आहे असे वाटते, आणि तो वाचायचा कसा हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : प्रात्यक्षिकवही

तुमच्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो. एकटा डीएनए रेणू तुम्हाला दिसलेला नाही आणि दिसणारही नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि २ नॅनोमीटर जाडीची वस्तू त्या प्रकाशात वेगळी ओळखता येत नाही. तुम्ही कांडीवर गुंडाळलेला प्रत्येक तंतू म्हणजे असंख्य रेणू एकमेकांत गुंतून झालेला दोर आहे. कांद्याच्या एका पेशीच्या केंद्रकात सुमारे ३३ पिकोग्रॅम डीएनए असतो. यावरून पाहिले तर १ मिलिग्रॅम डीएनए मिळवण्यासाठी जवळजवळ ३ कोटी पेशी फुटाव्या लागतात. एवढ्या पेशींतील ऐवज एका जागी आला म्हणून तो डोळ्यांना दिसला.

कांदा या कामासाठी सोयीचा आहे, याचे एक कारण त्याच्या जनुकसंचाच्या आकारात आहे. त्याच्या एका संचात सुमारे १६ अब्ज बेस-जोड्या (डीएनएच्या पिळदार शिडीच्या पायऱ्या) असतात, म्हणजे मानवाच्या जवळपास पाचपट. लगतच्या दोन जोड्यांमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर धरले आणि पेशीत असे दोन संच असतात हे लक्षात घेतले, तर पापुद्र्यात तुम्हाला दिसलेल्या त्या एकेका निळ्या ठिपक्यात जवळजवळ ११ मीटर लांबीचा डीएनए गुंडाळलेला होता. हा आकडा मी विद्यार्थ्यांना आवर्जून फळ्यावर मांडून दाखवतो, कारण तो पाहिल्यावर ‘पेशी फोडणे’ या शब्दांना वजन येते.

आता कृतीतील प्रत्येक पायरी त्या पापुद्र्याच्या चित्राशी लावून पाहा. विटांसारख्या दिसणाऱ्या कडा म्हणजे सेल्युलोजची पेशीभित्तिका. डिटर्जंटचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून ती चिरून आणि घोटून मोडावी लागते. तिच्या आत पेशीपटल आणि केंद्रकाभोवतीचे दुहेरी आवरण ही मुख्यतः मेदाची बनलेली असतात, ती डिटर्जंटने विस्कटतात, आणि डीएनएला बिलगलेली प्रथिनेही सैल होतात. ६० अंशांच्या उष्णतेने ऊतक मऊ पडते आणि डीएनए तोडणारी बरीचशी विकरे (एन्झाइम) निकामी होतात. १५ मिनिटांहून जास्त वेळ तापवण्यात मात्र लाभ नाही, कारण मग डीएनएलाही इजा पोहोचू लागते.

मीठ आणि अल्कोहोल यांचे काम एकत्रच समजून घ्यावे लागते, आणि ते बहुधा घाईत शिकवले जाते. डीएनएच्या साखळीवर प्रत्येक फॉस्फेटपाशी एक ऋणभार असतो. पाण्याचे रेणू या भारांना वेढून राहतात, म्हणून डीएनए पाण्यात विरघळतो. मिठातील सोडियमचे धनभारित आयन त्या ऋणभारांकडे ओढले जातात, परंतु पाणी विरुद्ध भारांमधील ओढ जवळजवळ ८० पटींनी दुबळी करते, त्यामुळे ते तिथे घट्ट बसत नाहीत. अल्कोहोल हीच ओढ साधारण २५ पटींनी दुबळी करते. द्रावणात अल्कोहोलचे प्रमाण वाढले की सोडियम फॉस्फेटपाशी स्थिरावतो, साखळ्यांचे एकमेकींना दूर लोटणे थांबते आणि त्या एकत्र येऊन द्रावणाबाहेर पडतात. मीठ न घालता केवळ अल्कोहोल ओतले तर तंतू नीट का जमत नाहीत, याचे कारण हेच.

उत्तर : नळी_क्रमांक_७

दुसऱ्या शंकेबद्दल लिहिते. वनस्पतीच्या ऊतकातून अल्कोहोलने जे पांढरे वर येते, त्यात पेक्टिनसारखी शर्करायुक्त द्रव्येही असतात. सराव झाल्यावर डोळ्यांनी थोडाफार फरक कळतो : पेक्टिन बुडबुडे धरून जेलीसारखे गोळ्यागोळ्यांनी तरंगते, आणि डीएनए कांडीला ताण देत तंतूसारखा ओढला जातो. तरीही डोळ्यांच्या साक्षीवर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही बहुधा एकत्रच येतात.

डीएनए पहिल्यांदा वेगळा काढला गेला तेव्हाही हाच प्रश्न समोर होता. फ्रीडरिश मीशर याने १८६९ साली ट्यूबिंगेन येथे जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातील पांढऱ्या पेशींपासून केंद्रके वेगळी केली आणि त्यांच्यातून एक द्रव्य मिळवले. ते एखादे प्रथिनच असेल ही शंका दूर करण्यासाठी त्याने डुकराच्या जठरातून काढलेले पेप्सिन वापरले. पेप्सिनने प्रथिने पचली, हे द्रव्य मात्र शिल्लक राहिले, आणि त्यात फॉस्फरसही ठळकपणे आढळला. पुढे १९४४ साली ॲव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोकॉकस जीवाणूंचे गुणधर्म पालटवणारे द्रव्य डीएनए आहे हे दाखवले, तेव्हाही युक्तिवादाचा एक मोठा आधार विकरे हाच होता. प्रथिने तोडणाऱ्या आणि आरएनए तोडणाऱ्या विकरांनी त्या द्रव्याचा प्रभाव गेला नाही, डीएनए तोडणाऱ्या विकरांनी तो गेला.

तुमच्या प्रयोगशाळेतही लहान प्रमाणावर हे करता येईल. तंतू विरघळवून द्रावणाचे दोन भाग करा, एकात डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) घाला, दुसऱ्यात तेवढेच पाणी घाला, आणि दोन्ही नळ्या ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. नंतर दोन्हींत मीठ आणि थंड अल्कोहोल घाला. ज्या नळीत पुन्हा तंतू येणार नाहीत, तिच्यातील तंतू डीएनएचे होते. दोन्ही नळ्यांत सारखाच पांढरेपणा आला तर तुम्ही मुख्यतः पेक्टिन गोळा केले आहे. विकर न घातलेली नळी वगळण्याचा मोह होतो, पण तिच्याशिवाय या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे उपकरण) उपलब्ध असेल तर २६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणांचे गुणोत्तर पाहा. स्वच्छ डीएनएचे ते १.८ च्या आसपास असते, प्रथिने उरली असतील तर त्याहून खाली येते, आणि आरएनए भरपूर असेल तर २ च्या जवळ जाते. या शेवटच्या गोष्टीमुळे अनेकांची फसगत होते : १.९५ आले म्हणून नमुना फार शुद्ध आहे असे समजले जाते आणि त्यात निम्म्याहून अधिक आरएनए असू शकतो.

उत्तर : धनाग्राकडे

जेलबद्दल मी सविस्तर लिहितो. तो पट्टा काहीतरी सांगतो आहे, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. केंद्रकातून निघून वेलपर्यंत पोहोचेस्तोवर त्या रेणूवर काय काय गुदरले, याची ती नोंद आहे.

आधी एक हिशेब पाहू. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. एकूण सुमारे ३२ अब्ज बेस-जोड्या त्यांच्यात वाटल्या तर प्रत्येक गुणसूत्रातील डीएनए सरासरी २ अब्ज जोड्यांचा, म्हणजे अखंड असताना जवळजवळ ६८ सेंटिमीटर लांबीचा एकच धागा असतो. एवढा लांब आणि २ नॅनोमीटर जाडीचा धागा घोटताना, गाळताना, पिपेटच्या अरुंद टोकातून वर ओढताना तुटणारच. परंतु किती तुटतो, हे महत्त्वाचे आहे. त्याचे १ लाख तुकडे झाले तरी प्रत्येक तुकडा सरासरी २० हजार जोड्यांचा राहतो आणि तो जेलवर वरच्या भागातच राहील. तुमचा पट्टा मात्र खालपर्यंत गेला आहे. ५०० जोड्यांपर्यंतचे तुकडे व्हायचे तर एकेका गुणसूत्राचे ४० लाखांच्या घरात तुकडे झाले पाहिजेत, आणि ते हाताने घोटून होत नाहीत. त्यासाठी अल्ट्रासाउंडसारखे साधन लागते, किंवा विकर लागते. तुमच्याकडे साधन नव्हते. विकर होते, आणि ते कांद्यातच होते.

पापुद्र्याचे चित्र पुन्हा आठवा. केंद्रक मध्यभागी न राहता कडेला का चिकटले होते? कारण पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीचा बहुतेक भाग एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो आणि तीच केंद्रकाला भिंतीकडे ढकलते. त्या रिक्तिकेच्या रसात अनेक पाचक विकरे असतात, त्यांत न्यूक्लिएजेस, म्हणजे डीएनए आणि आरएनए तोडणारी विकरेही असतात. जिवंत पेशीत त्यांच्यामध्ये आणि डीएनएमध्ये रिक्तिकेचे पटल आणि केंद्रकाचे आवरण अशा दोन सीमा उभ्या असतात. सुरीने आणि डिटर्जंटने तुम्ही पेशीभित्तिकेबरोबर या सीमाही मोडल्या, आणि द्रावण ६० अंशांपर्यंत तापेपर्यंतच्या काही मिनिटांत विकरांना मोकळे रान मिळाले. म्हणून पुढच्या वेळी तीन बदल करा. कांदा आणि खलबत्ता आधीच थंड करून घ्या. द्रावणात ईडीटीए घाला, कारण यांतील बऱ्याच विकरांना मॅग्नेशियमसारख्या धातूंचे आयन लागतात आणि ईडीटीए ते धरून ठेवतो. आणि डीएनए उचलताना पिपेटच्या टिपचे टोक कात्रीने कापून रुंद करा, नळी जोरात हलवू नका.

तळाचा ठळक ढग बहुधा आरएनएचा आहे. पेशीत आरएनए असलेले रायबोसोम भरपूर असतात आणि डिटर्जंट, मीठ, अल्कोहोल या पायऱ्या डीएनए आणि आरएनए यांच्यात भेद करत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकत्र येतात. आरएनएचे रेणू तुलनेने लहान असल्याने ते जेलमध्ये पुढे धावतात. नमुन्याच्या एका भागावर आरएनेजची (आरएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया करून तो शेजारच्या लेनमध्ये चालवा, म्हणजे ढग नाहीसा होतो का ते दिसेल. मात्र आरएनेजच्या बाटलीत डीएनेजचा अंश असू शकतो. पूर्वी आरएनेज ए उकळत्या पाण्यात ठेवूनच वापरत असत, कारण ते विकर उकळूनही टिकते आणि डीएनेज टिकत नाही. हल्ली डीएनेजमुक्त म्हणून तयार मिळते. बाटलीवर तसे लिहिले आहे याची खात्री करून घ्या.

आता प्लाझ्मिडचे तीन बँड. प्लाझ्मिड हे वर्तुळाकार डीएनए असते, आणि जीवाणूच्या पेशीत ते आणखी पीळ घालून घट्ट आखडलेले असते. रबराचे कडे दोन बोटांत धरून एका बाजूने पिळत गेले की ते स्वतःभोवतीच वळून बारीक होते, तसे हे रूप आहे. ते जेलच्या जाळीतून सर्वांत चपळाईने जाते. दोन साखळ्यांपैकी एकीला कुठेही एक छेद पडला की सगळा पीळ सुटतो आणि सैल, उघडे वर्तुळ उरते. ते जाळीत अडखळत जाते आणि सामान्यतः सर्वांत वर राहते. दोन्ही साखळ्या एकाच ठिकाणी तुटल्या तर सरळ धागा होतो, जो नेहमीच्या जेलवर बहुधा या दोहोंच्या मध्ये दिसतो. तिन्ही बँडमधील बेसचा क्रम आणि जोड्यांची संख्या तीच, आकार वेगळा. जेलवर रेणूचा वेग त्याच्या लांबीइतकाच त्याच्या रूपावरही अवलंबून असतो, म्हणून न कापलेल्या प्लाझ्मिडची लांबी सरळ तुकड्यांच्या लॅडरवरून (माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांच्या मापपट्टीवरून) कधीही वाचू नये. खात्री करायची असेल तर त्या प्लाझ्मिडला एकाच जागी कापणारे रेस्ट्रिक्शन विकर वापरा. तिन्ही रूपे सरळ धाग्यात बदलतील, तीनऐवजी एकच बँड येईल, आणि त्या बँडची लांबी लॅडरशी ताडून पाहता येईल.

वहीत ‘यशस्वी झाला नाही’ हे वाक्य ठेवू नका. पट्टा कोठून सुरू झाला, लॅडरच्या कोणत्या खुणेपर्यंत गेला, वेलमध्ये काही चकाकत राहिले का, ढग कोणत्या खुणेच्या खाली होता, हे लिहा. मी परीक्षक असतो तर या नोंदींना गुण दिले असते.

प्रतिसाद : केंद्रकशोध

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रिक्तिकेचा मुद्दा वाचल्यावर मी पापुद्र्याची आकृती काढून पुन्हा पाहिली. केंद्रक कडेला का आहे, हा प्रश्न तेव्हा मनातच आला नव्हता.

मॅडमच्या परवानगीने आम्ही प्रयोग पुन्हा केला. कांदा रात्रभर थंड ठेवला, द्रावणात ईडीटीए घातले, टिपची टोके कापली. डीएनेजच्या चाचणीत मात्र पहिल्यांदा माझी चूक झाली. विकर घालून अर्धा तास थांबले, तरी दोन्ही नळ्यांत सारखेच तंतू आले, आणि आपण पेक्टिनच गोळा केले की काय असे वाटून मी निराश झाले. मग लक्षात आले की ज्या ईडीटीएने कांद्यातील विकरांना रोखले, त्यानेच माझ्या डीएनेजलाही रोखले होते. तंतू ७० टक्के अल्कोहोलने दोनदा धुतले, ईडीटीए नसलेल्या बफरमध्ये विरघळवले, थोडे मॅग्नेशियम क्लोराइड घातले, आणि चाचणी पुन्हा केली. विकर घातलेल्या नळीतील द्रावण, जे आधी टिपला मधासारखी तार धरत होते, ते पाण्यासारखे पातळ झाले. अल्कोहोल घातल्यावर त्यात किंचित गढूळपणा आला, पण तंतू एकही आला नाही. दुसऱ्या नळीत पूर्वीसारखेच तंतू आले.

जेलवर या वेळी लॅडरच्या १० हजाराच्या खुणेच्या किंचित वर एक बऱ्यापैकी स्पष्ट बँड आला आणि त्याखाली फिकट शेपूट राहिली. आरएनेज घातलेल्या लेनमध्ये तळाचा ढग अजिबात नव्हता. आता एकच शंका उरली आहे. बँड १० हजाराच्या थोडा वर आहे, म्हणून माझे तुकडे सरासरी १२ ते १५ हजार जोड्यांचे आहेत असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : धनाग्राकडे

ईडीटीएची अडचण तुम्ही स्वतः शोधून काढलीत, हे वाचून फार बरे वाटले. शोधताना जे कळले ते वहीत जसेच्या तसे लिहा.

लांबीचा तो आकडा मात्र लिहू नका. लहान तुकडे जाळीतून चाळणीतून जावे तसे जातात, म्हणून लांबीप्रमाणे त्यांचे वेग वेगळे पडतात. साधारण २० ते २५ हजार जोड्यांच्या पुढे गेल्यावर रेणू सापासारखा लांब होऊन, एक टोक पुढे करून जाळीतून सरपटतो, आणि मग तो ३० हजारांचा असो की ३ लाखांचा, जवळपास एकाच वेगाने जातो. असे सगळे मोठे तुकडे एका ठिकाणी साचून तुम्हाला दिसलेला बँड तयार होतो. त्यामुळे ‘बहुतेक तुकडे १० हजार जोड्यांपेक्षा मोठे आहेत, नेमकी लांबी या जेलवर ठरवता येत नाही’ एवढेच तुमच्या जेलवरून म्हणता येते.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी श्वार्ट्झ आणि कँटर यांनी १९८४ साली विद्युतक्षेत्राची दिशा ठरावीक काळाने बदलत राहण्याची पद्धत मांडली आणि यीस्टची गुणसूत्रे वेगवेगळ्या बँडमध्ये विलग करून दाखवली. दिशा बदलली की लांब रेणूला वळायला जास्त वेळ लागतो, आणि त्या विलंबामुळे लांबीनुसार अंतर पडते. त्या पद्धतीत पेशी आधी ॲगारोजच्या लहान ठोकळ्यात बंद करतात आणि ठोकळ्याच्या आतच फोडतात, कारण द्रव ओतण्याच्या धक्क्यानेही एवढे लांब धागे तुटतात. तरी तिचीही पोच सुमारे १ कोटी जोड्यांपर्यंतच आहे, आणि कांद्याचे एक गुणसूत्र त्याच्या जवळजवळ २०० पट मोठे आहे.

ते अखंड पाहायचे असेल तर कांद्याला पाण्यावर ठेवून मुळे फुटू द्या, कोवळ्या मुळाचे टोक कापून स्थिर करा, सौम्य आम्लात मऊ करून ॲसिटोकार्मिनने रंगवा आणि काचपट्टीवर अलगद दाबा. पापुद्र्यातील पेशींचे विभाजन थांबलेले असते, मुळाच्या टोकात ते चालू असते. थोडे शोधल्यावर मध्यावस्थेतील (विभाजनात गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात त्या अवस्थेतील) एखादी नीट पसरलेली पेशी सापडेल, आणि तिच्यात १६ गुणसूत्रे एकेक करून मोजता येतील.